ड्रोनच्या फुटेजसाठी एडिटिंग सॉफ्टवेअर: आधी फाइल तपासा, मग नाव ठरवा

ड्रोन नीट उडवता येईपर्यंत एडिटिंगचा विचार सहसा कुणी करत नाही. मग कार्ड भरतं आणि सॉफ्टवेअरची शोधाशोध सुरू होते. इथे बहुतेकांचा क्रम उलटा होतो. आधी सॉफ्टवेअर ठरतं, मग त्यात फुटेज अडखळतं किंवा उघडतच नाही, आणि खापर फुटतं संगणकावर. त्यापेक्षा आधी फाइल बघा, मग संगणक, मग व्हिडिओ कुठे दाखवायचा ते, आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर. पहिल्या दोन गोष्टी नीट तपासल्या की दहा नावांची यादी आपोआप दोन-तीन नावांवर येते.

पायरी १: फाइलचा पंचनामा

आधी एक खात्री करून घ्या. फोनवरच्या उडवण्याच्या ॲपमध्ये दिसणारी क्लिप म्हणजे मूळ फुटेज नव्हे. डीजेआय या ड्रोन कंपनीच्या डीजेआय फ्लायसारखी ॲप्स उड्डाण चालू असताना फोनमध्ये कमी दर्जाची प्रत साठवत जातात, ७२०पी किंवा १०८०पीची. तीच उचलून एडिट केली की "ड्रोन ४केचा आहे, मग व्हिडिओ धूसर का?" असा प्रश्न पडतो. मूळ फाइल ड्रोनमधल्या मेमरी कार्डावर डीसीआयएम फोल्डरात असते. ती कार्ड रीडरने संगणकावर उतरवा. कार्डावरूनच थेट एडिट करू नका.

आता मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि एक क्लिप त्यात टाका. समजा रिपोर्टात असं दिसलं: फॉरमॅट एचईव्हीसी, ३८४० × २१६०, फ्रेम रेट ५९.९४०, बिट डेप्थ १०, क्रोमा ४:२:०, बिटरेट साधारण १५० एमबीपीएस. या एका ओळीत सॉफ्टवेअरचा अर्धा निर्णय दडलेला असतो.

एचईव्हीसी म्हणजे एच.२६५. त्याऐवजी एव्हीसी दिसलं तर ते एच.२६४. दोन्हींत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं त्याची नोंद. म्हणून फाइल लहान राहते, पण टाइमलाइनवर एक फ्रेम मागे जायचं म्हटलं तरी संगणकाला आधीची पूर्ण फ्रेम गाठून तिथून सगळं पुन्हा उलगडावं लागतं. एच.२६५मध्ये ही उलगडण्याची मेहनत आणखी जास्त. व्हीएलसीमध्ये क्लिप लोण्यासारखी चालते आणि एडिटिंगमध्ये मात्र अडखळते, त्याचं कारण हेच: प्लेअर एकाच दिशेने सरळ चालवतो, एडिटर सतत मागेपुढे उड्या मारतो.

८-बिट फाइलमध्ये प्रत्येक रंगवाहिनीच्या २५६ पायऱ्या असतात, १०-बिटमध्ये १०२४. ड्रोनच्या चित्रात आकाश खूप असतं, आणि आकाश म्हणजे एका रंगाचा अगदी हळू बदलत जाणारा पट्टा. ८-बिट फुटेजचे रंग जोरात ओढले की त्या पट्ट्यात जिन्यासारख्या पायऱ्या उमटतात. याला बँडिंग म्हणतात. तेव्हा फुटेज १०-बिट असेल तर ते १०-बिटमध्येच हाताळणारं सॉफ्टवेअर हवं, नाहीतर कॅमेऱ्याने दिलेली सवलत वाया गेली.

बिटरेटचा हिशेब जागेसाठी. १५० भागिले ८ म्हणजे सेकंदाला १८.७५ एमबी, मिनिटाला सुमारे १.१ जीबी. चार बॅटऱ्यांवर प्रत्येकी २० मिनिटं रेकॉर्डिंग केलं तर जवळपास ९० जीबी. प्रॉक्सी (फक्त एडिटिंगपुरत्या बनवलेल्या हलक्या प्रती), एक्स्पोर्ट आणि दुसरी प्रत धरून याच्या दुप्पट-तिप्पट जागा मोकळी ठेवा.

एक गोष्ट मात्र हा रिपोर्ट बहुतेक वेळा सांगत नाही: फुटेज लॉगमध्ये आहे की साध्या रंगात. डी-लॉग किंवा डी-लॉग एम या डीजेआयच्या लॉग मोडमधलं चित्र फिकट, राखाडी, जीव नसल्यासारखं दिसतं. ते बिघडलेलं नसतं, रंग नंतर भरायचे असतात. नक्की आठवत नसेल तर क्लिपसोबतची एसआरटी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. डीजेआयच्या बऱ्याच ड्रोनांत व्हिडिओ कॅप्शन्स चालू असल्यास ही फाइल तयार होते. तिच्यात प्रत्येक क्षणाचा आयएसओ, शटर, उंची लिहिलेली असते आणि काही मॉडेलांत रंगाचा मोडही. तिच्यात उड्डाणाच्या जागेचे अक्षांश-रेखांशही असतात, हे फाइल दुसऱ्याला पाठवण्यापूर्वी लक्षात असू द्या.

पायरी २: संगणक काय झेपवतो

प्रोसेसर किती वेगवान, यापेक्षा त्यात एच.२६५ १०-बिट उलगडणारं खास सर्किट आहे का, हा खरा प्रश्न. इंटेलच्या सातव्या पिढीपासून पुढच्या, अंगभूत ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरांत ते असतं. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेपासून पुढे बहुतेक कार्डांत असतं, आणि ॲपलच्या एम१पासून सगळ्या चिपांत असतं. म्हणूनच जुन्या पण दणकट डेस्कटॉपवर अडखळणारी क्लिप पातळशा लॅपटॉपवर सहज चालते.

रॅम १६ जीबीपेक्षा कमी असेल तर ४केचा नाद सोडा किंवा प्रॉक्सीशिवाय बसू नका. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी ही डाविन्ची रिझॉल्व्हसाठी काठावरची पातळी. नॉइज रिडक्शनसारखा जड परिणाम लावला की मेमरी संपल्याचा संदेश तिथेच येतो. फुटेज एसएसडीवर ठेवा. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क साठवणीला ठीक, कामाला नाही.

पायरी ३: व्हिडिओ जाणार कुठे

ही पायरी लोक गाळतात, पण तिने बरंच सोपं होतं. फोनवर बघायचा अर्ध्या मिनिटाचा उभा व्हिडिओ करायचा असेल तर भलंमोठं सॉफ्टवेअर शिकण्यात अर्थ नाही. गणित बघा: ३८४० × २१६०च्या आडव्या चित्रातून ९:१६चा उभा तुकडा काढला तर १२१५ × २१६० पिक्सेल मिळतात. १०८० × १९२०साठी ते पुरतात. १०८०पी आडव्या फुटेजमधून मात्र जेमतेम ६०७ पिक्सेल रुंदी उरते, आणि चित्र ताणलेलं दिसतंच. मिनी ३ प्रो, मिनी ४ प्रो यांसारख्या ड्रोनांत कॅमेराच उभा फिरतो. उभाच व्हिडिओ हवा हे आधी ठरलं असेल तर तसंच शूट करा.

पायरी ४: नावं, आणि कुणाला काय

*डाविन्ची रिझॉल्व्ह.* ब्लॅकमॅजिक डिझाइनचं. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. कलरसाठी याच्या तोडीचं दुसरं मोफत काही नाही, आणि ड्रोनच्या कामात कलरच निम्मं असतं. मोफत आवृत्तीत एक्स्पोर्ट ३८४० × २१६० आणि ६० फ्रेमपर्यंतच, पण नवख्याला ही मर्यादा टोचत नाही. ५.४के फुटेजही ४केच्या टाइमलाइनवर आणून वापरता येतं. टोचतात त्या दुसऱ्या गोष्टी: नॉइज रिडक्शन, डीहेझ, डीफ्लिकर, लेन्स करेक्शन हे सगळं स्टुडिओ या विकतच्या आवृत्तीत. मोफतमध्ये त्यातला एखादा परिणाम लावला तर चित्रावर वॉटरमार्क येतो. विंडोजवर एच.२६५ उलगडायला ग्राफिक्स कार्डाची पूर्ण मदतही स्टुडिओतच, म्हणून मोफत आवृत्ती अडखळली एवढ्यावरून संगणक बाद ठरवू नका. लिनक्सवर तर मोफत आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ उघडतच नाही. सगळं फुटेज आधी डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्यावं लागतं. लिनक्स वापरणाऱ्या नवख्याने हे आधी वाचलेलं बरं.

*अडोबी प्रीमिअर प्रो.* दर महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी. बाकीचं काम आधीच अडोबीच्या सॉफ्टवेअरांत चालत असेल तर हे सोयीचं. ड्रोनसाठी त्याची एक खोड मात्र माहीत हवी: वॉर्प स्टॅबिलायझर आणि वेगबदल एकाच क्लिपवर चालत नाहीत. क्लिपचा आकार सीक्वेन्सपेक्षा (प्रीमिअरमधल्या टाइमलाइनपेक्षा) वेगळा असेल तरीही स्टॅबिलायझर नकार देतो. उपाय एकच, क्लिप नेस्ट करायची, म्हणजे वेगळ्या सीक्वेन्सच्या आत ठेवायची, आणि एक परिणाम आत, दुसरा बाहेर लावायचा.

*फायनल कट प्रो.* ॲपलच्या यंत्रांपुरतं. एच.२६५च्या बाबतीत मॅकवर सगळ्यांत निवांत चालणारं हेच. बॅकग्राउंड रेंडर चालूच ठेवलं तर लायब्ररी फुगत जाऊन डिस्क गिळते, ते सेटिंगमध्ये बंद करा. आयमूव्ही मोफत आहे, पण त्यात बाहेरची लट (एलयूटी, म्हणजे फिकट लॉग चित्राला ठरलेले रंग देणारी) फाइल लावता येत नाही. म्हणजे लॉग शूट केलं असेल तर आयमूव्ही बाद.

*केडेनलाइव्ह आणि शॉटकट.* मोफत, मुक्त स्रोत, वॉटरमार्कची भानगड नाही. दोन्हींत प्रॉक्सीची सोय आहे. साध्या रंगात ८-बिट शूट करत असाल, किंवा लिनक्सवर असाल, तर इथूनच सुरुवात करा. १०-बिट लॉग असेल तर रिझॉल्व्हकडे जा.

*फोन आणि टॅबलेट.* कॅपकट, व्हीएन वगैरे छोट्या व्हिडिओंना पुरतात. आयपॅडवर लुमाफ्यूजनमध्ये लट लावता येते, रिझॉल्व्हचीही आयपॅड आवृत्ती आहे. फोनवर एडिट करतानाही क्लिप कार्डावरूनच घ्या, ॲपच्या साठ्यातली नको.

पैसे मागणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरांची "मोफत चाचणी" एक्स्पोर्ट करेपर्यंत गप्प असते आणि तयार व्हिडिओवर मोठा शिक्का मारते. म्हणून चाचणी घेताना पहिल्याच दिवशी पाच सेकंदांची क्लिप एक्स्पोर्ट करून बघा.

पायरी ५: एका संध्याकाळची परीक्षा

यादीत दोन नावं उरली की स्वतःच्या सगळ्यात अवघड क्लिपवर दोघांची परीक्षा घ्या. सोप्या क्लिपवर सगळीच पास होतात. तीन क्लिप निवडा: सूर्यास्ताचं आकाश असलेली, पाण्यावरून किंवा झाडांवरून वेगाने जाणारी, आणि वाऱ्यात हललेली. खालच्या पायऱ्या रिझॉल्व्हच्या आहेत, इतरत्र नावं थोडी बदलतात.

१. नवा प्रोजेक्ट उघडा आणि फुटेज आत घेण्याआधीच प्रोजेक्ट सेटिंगमध्ये फ्रेम रेट ठरवा. फुटेज आल्यावर प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही. ड्रोनच्या मेनूत "३०" लिहिलेलं असलं तरी फाइल बहुतेक वेळा २९.९७ असते, "६०"ची ५९.९४. रिपोर्टातला आकडा खरा धरा.

२. क्लिप टाइमलाइनवर ठेवून अर्धा मिनिट चालवा. व्ह्यूअरच्या वरच्या कोपऱ्यात फ्रेमचा आकडा आणि ठिपका दिसतो. हिरवा असेल तर संगणकाला झेपतंय, लाल झाला तर फ्रेम गळताहेत. प्रीमिअरमध्ये गळलेल्या फ्रेम दाखवणारा असाच दिवा चालू करता येतो.

३. लाल झाला म्हणून लगेच हार मानू नका. मीडिया पूलमध्ये क्लिपवर उजवं क्लिक करून "जनरेट प्रॉक्सी मीडिया" निवडा. निम्म्या आकाराची प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी पुरते. यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली असते, म्हणून मागेपुढे फिरवणं हलकं होतं. १०८०पीची, ३० फ्रेमची प्रोरेस प्रॉक्सी मिनिटाला साधारण ३४० एमबी घेते. काही ड्रोन कार्डावर एलआरएफ नावाच्या छोट्या प्रतीही ठेवतात. नाव बदलून शेवट एमपी४ केला की त्या प्रॉक्सी म्हणून कामाला येतात.

४. कलर पेजवर दोन नोड करा (नोड म्हणजे रंगबदलाचा एकेक टप्पा). दुसऱ्यावर लट, पहिल्यावर एक्स्पोजर. क्रम उलटा केला तर लटने उडवलेलं पांढरं आकाश नंतर परत येत नाही, कारण तोवर माहिती कापली गेलेली असते. लट तुमच्या ड्रोनच्या मॉडेलचीच घ्या. डी-लॉगची लट डी-लॉग एमवर लावली की सावल्या काळ्या पडतात आणि रंग भडकतात, आणि दोष विनाकारण सॉफ्टवेअरला जातो. आता आकाशाकडे १०० टक्के आकारात बघा: पायऱ्या दिसतात का?

५. हललेल्या क्लिपवर स्टॅबिलायझर लावा. आधी पर्स्पेक्टिव्ह मोडमध्ये, मग सिमिलॅरिटी आणि ट्रान्सलेशनमध्ये. पाण्यावरच्या शॉटमध्ये पर्स्पेक्टिव्ह बऱ्याचदा फसतं, कारण सॉफ्टवेअर लाटांच्या हालचालीलाच कॅमेऱ्याची हालचाल समजतं आणि क्षितिज रबरासारखं वाकतं. प्रीमिअरमध्ये अशा वेळी सबस्पेस वॉर्प सोडून "पोझिशन, स्केल, रोटेशन" वापरा.

६. एक मिनिट एक्स्पोर्ट करा आणि घड्याळ लावा. यूट्यूबसाठी ४के ३० फ्रेमला ३५ ते ४५ एमबीपीएस, ६० फ्रेमला ५३ ते ६८ एमबीपीएस बिटरेट सुचवलेला आहे. एक्स्पोर्टच्या प्रगत पर्यायांत "यूज प्रॉक्सी मीडिया"वर खूण नाही ना, हे तपासा. फायनल कटमध्ये व्ह्यूअर प्रॉक्सीवर राहिला तर तो इशारा देतो, पण तो न वाचता पुढे गेलात तर व्हिडिओ प्रॉक्सीच्याच दर्जात बाहेर पडतो.

या सहा पायऱ्यांत ज्यात तुमचा हात कमी अडला, ते सॉफ्टवेअर घ्या. बाकी तुलनांचे तक्ते वाचून मनोरंजन होतं, तेवढंच.

सॉफ्टवेअरच्या हातात नसलेलं

काही दोष कुठल्याही सॉफ्टवेअरने जात नाहीत, तेव्हा त्यासाठी महागडी आवृत्ती घेऊ नका. चित्र जेलीसारखं थरथरत असेल तर ते पंखांच्या किंवा मोटरच्या कंपनामुळे. सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो, आणि मधल्या सूक्ष्म वेळात कंपन झालं की ओळी सरकतात. चरा गेलेला पंख बदला, गिम्बलचे (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेचे) रबर तपासा. सूर्य समोरच्या वरच्या बाजूला असताना चित्रावरून पळणारे काळे पट्टे म्हणजे लेन्सवर पडलेली पंखांची सावली. डीफ्लिकरने ती थोडी कमी होते, जात नाही. दिशा थोडी बदलून उडणं हाच इलाज. ३० फ्रेमच्या व्हिडिओला शटर साधारण १/६० ठेवलं तर हालचाल मऊ दिसते. भर उन्हात ते एनडी फिल्टरशिवाय (लेन्सवर लावायच्या, उजेड कमी करणाऱ्या काचेशिवाय) जमत नाही. शटर १/१००० असताना टिपलेली तुटक हालचाल नंतर मोशन ब्लर लावून सुधारते, पण झाडांच्या फांद्यांपाशी तो ब्लर हमखास चुकतो.

क्षितिज तिरकं असेल तर मात्र काळजी नको. १ अंश फिरवायला चित्र सुमारे ३ टक्के मोठं करावं लागतं, २ अंशांना ६ टक्के. ४के शूट करून १०८०पीत देत असाल तर याचा मागमूसही लागत नाही.

एफपीव्ही ड्रोन (गॉगलमध्ये ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं दृश्य बघत उडवायचे) उडवणाऱ्यांसाठी गायरोफ्लो हे मोफत साधन वेगळं ठेवा. ते चित्रातल्या हालचालीवरून अंदाज न बांधता कॅमेऱ्यातल्या गायरोची (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरची) नोंद वाचून स्थिर करतं, म्हणून पाण्यावर आणि झाडांतही फसत नाही. डीजेआय ओ३सारख्या युनिटमध्ये ही नोंद मिळण्यासाठी कॅमेऱ्यातलं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन बंद आणि फील्ड ऑफ व्ह्यू वाइड ठेवून शूट करावं लागतं. घरी आल्यावर हे आठवून उपयोग नाही.

फायलींची नावं

हा कंटाळवाणा भाग, पण प्रोजेक्ट बुडतात ते इथेच. बऱ्याच ड्रोनांत फाइलचं नाव डीजेआय_०००१ असं सुरू होतं, आणि कार्ड फॉरमॅट केल्यावर मोजणी पुन्हा १पासून सुरू होऊ शकते. दोन दिवसांच्या फायली एकाच फोल्डरात आल्या की एक दुसरीला पुसते. वेगळ्या फोल्डरात असल्या तरी "मीडिया ऑफलाइन" झाल्यावर पुन्हा जोडताना सॉफ्टवेअर भलतीच ०००१ उचलतं. म्हणून उतरवताना तारखेचा फोल्डर करा, आणि फायलींची नावं बदलायची असतील तर एडिट सुरू होण्याआधी बदला. मधे बदललीत तर प्रत्येक क्लिप हाताने जोडत बसाल.

मोठी क्लिप साधारण ४ जीबीच्या तुकड्यांत मोडलेली असेल तर घाबरू नका. जुन्या एफएटी३२ कार्डांची ती मर्यादा आहे. १५० एमबीपीएसला साडेतीन मिनिटांतच ४ जीबी होतात. तुकडे टाइमलाइनवर क्रमाने चिकटवले की सलग चालतात. बॅटरी संपून किंवा कार्ड मधेच काढून शेवटची क्लिप उघडेनाशी झाली असेल तर कार्डावरची ती फाइल पुसू नका. कार्ड त्याच ड्रोनमध्ये परत घालून ड्रोन चालू करा. बरेच ड्रोन अशी अर्धवट फाइल स्वतःच दुरुस्त करतात.

बहुतेक ड्रोन आवाज रेकॉर्ड करत नाहीत, तेव्हा टाइमलाइनवर आवाजाची पट्टी दिसली नाही तर सेटिंग शोधत बसू नका. आणि चालू काम अर्धवट असताना सॉफ्टवेअर अपडेट करू नका. रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट नव्या मोठ्या आवृत्तीत उघडला की जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. अपडेट करायचंच असेल तर आधी प्रोजेक्ट मॅनेजरमधून डेटाबेसचा बॅकअप घ्या, आणि तो फुटेजच्या डिस्कवर न ठेवता दुसऱ्या डिस्कवर ठेवा.